वऱ्हाडी बोलून दाखव ना!

शुक्रवारी रात्री दोनपर्यंत डिप्लॉयमेंट चालू होतं. त्यामुळे शनिवारी उठायलाच दहा वाजले. पोहे केले, कच्चा कांदा आणि तर्री नसल्यामुळे ते पुण्याचेच लागले, आणि ते खाता खाता 'नाळ भाग २' लावला. तिसऱ्यांदा. रूममेट म्हणाला, काय तेच तेच बघतोस रे! त्याला विचारलं, तू 'फ्रेंड्स' किती वेळा बघितलंस? मग गप्प बसला बिचारा.

तर मंडळी, आज सिनेमावरच लिहितो. 'नाळ' आणि 'नाळ भाग २' हे दोन्ही बघितले नसतील तर बघा, एवढंच खरं तर सांगायचंय. पण का बघा, हे सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मी अमरावतीचा. आजीचं गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळ. इंजिनिअरिंग अमरावतीतच केलं आणि मग सगळे येतात तसा पुण्याला आलो. टीममध्ये नवीन माणूस आला, गाव विचारलं, मी अमरावती म्हटलं, की पुढचं वाक्य ठरलेलं: "अरे वा! मग वऱ्हाडी बोलून दाखव ना!" मीही बोलून दाखवतो. "काहून बे, काय करून राह्यला?" एवढ्यावरच लोक खुर्चीतून पडायचे बाकी राहतात. पहिलं वर्षभर मजा वाटली. टीम आउटिंगला माझा एक आयटमच झाला होता, अंताक्षरीनंतर आणि केक कापायच्या आधी.

यात टीव्हीचा हात किती, हे सांगायला नको. २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. भारत गणेशपुरे म्हणजे आमच्या अमरावतीचा माणूस. ते पडद्यावर आले की घरात बाबा आवाज वाढवायचे आणि आई स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता बाहेर यायची. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची. त्याआधी टीव्हीवर आमची बोली कधी ऐकू यायची? कापसाचा भाव पडला किंवा गारपीट झाली, की बातम्यांत एखादा शेतकरी दहा सेकंद बोलायचा, तेवढीच. इथे तर माणूस अर्धा अर्धा तास आपल्यासारखं बोलतो आणि अख्खा महाराष्ट्र टाळ्या वाजवतो! त्यामुळे गणेशपुऱ्यांवर माझा राग वगैरे अजिबात नाही. त्यांनी दार उघडलं. दार उघडल्यावर आत दुसरं कुणी आलंच नाही, हा त्यांचा दोष कसा?

मागच्या वर्षीची गोष्ट. ऑफिसात असताना बाबांचा फोन आला. आजी अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं, अकोल्याला नेतोय. मी उठून पॅन्ट्रीत गेलो. "कशी काय पडली? कोठी नेलं तिले? मले सकाळीच काहून नाई सांगतलं?" असं काहीबाही बोलत होतो, आवाजही चढला असेल. फोन ठेवून मागे वळलो तर कॉफी मशीनपाशी टीममधला एक जण उभा, आणि हसतोय. "भारी बोलतोस यार! अजून बोल ना."

त्याला सांगितलं काय झालंय ते. चेहरा पडला त्याचा. तीनदा सॉरी म्हणाला. मुलगा चांगला आहे, नंतर रोज आजीची चौकशी करायचा. पण मला त्याचा नाही, वेगळ्याच गोष्टीचा विचार पडला. माझा आवाज कापत होता, डोळे भरलेले होते, आणि तरी त्याला हसू आलं, कारण शब्द वऱ्हाडी होते. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याच्या डोक्यात या बोलीची डीफॉल्ट व्हॅल्यूच 'विनोद' अशी सेट झालेली. पुढे इनपुट काहीही द्या.

आता गंमत बघा. हेच मी स्वतः केलं आहे. तेही पुण्यात नाही, अमरावतीत.

नोव्हेंबर २०१८. दिवाळी होऊन गेलेली, 'नाळ' लागला होता. आम्ही इंजिनिअरिंगचे सहा जण गेलो. 'सैराट' ज्यांनी शूट केला त्या सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला सिनेमा, आणि त्यात नागराज मंजुळे. एवढ्या भांडवलावर तिकिटं काढली होती. सिनेमा सुरू झाला. विदर्भातलं नदीकाठचं गाव, आठेक वर्षांचा चैत्या, त्याची आई, आजी. चैत्यानं तोंड उघडलं आणि थेटर हसलं. आई काही बोलली, थेटर हसलं. आजी काही बोलली, पुन्हा हसलं. पहिली दहा-पंधरा मिनिटं हेच. त्या वाक्यांत विनोद असायलाच हवा असं काही नव्हतं. आई पोराला जेवायला बोलावते, यात हसण्यासारखं काय आहे? माझी आईही मला तसंच बोलावते! पण पडद्यावर वऱ्हाडी आली की हसायचं, ही सवय आम्हालाही लागलेली. ज्यांची भाषा तेच हसत होते.

मग तो मामा येतो (ओम भूतकर, छान काम) आणि चैत्याला सांगून जातो की ही तुझी खरी आई नाही. झालं. तिथून थेटर हळूहळू गप्प होत गेलं. पोरगं तेच, आई तीच, बोलणं तेच. पण आता चैत्या आईच्या प्रत्येक वागण्याकडे संशयानं बघतो. रागावली तर का रागावली, नाही रागावली तर का नाही. देविका दफ्तरदार यांनी ती आई जवळजवळ न बोलता उभी केली आहे. पुढचं सांगत नाही, बघितला नसेल त्याच्यासाठी राहू देतो. एवढंच सांगतो, की शेवटी दिवे लागले तेव्हा आमच्या सहा जणांतला सगळ्यात टवाळ पोट्टा बुटाची लेस बांधत बसला होता. सँडल घालून आला होता तो.

हे असं थेटर फिरवणं सोपं नाही. आणि ते कुणी केलं बघा. दिग्दर्शक तेलुगू माणूस. संवाद लिहिणारे मंजुळे सोलापूरकडचे. (त्यांनी चैत्याच्या बापाचं काम केलंय, आणि आमच्या कानाला त्यांच्या वऱ्हाडीत अधूनमधून करमाळा डोकावतो. असो, चालायचंच.) मला वाटतं रेड्डींना फायदाच झाला. ही बोली गमतीची आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसावं. त्यांच्यासाठी ती भाषा होती, बस्स. चैत्या झालेला श्रीनिवास पोकळे मात्र आमच्या अमरावतीचा. त्याला २०१९ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट बालकलाकाराचा मान मिळाला, इतर तिघांसोबत विभागून, आणि रेड्डींना पदार्पणाच्या चित्रपटाचा इंदिरा गांधी पुरस्कार. भाग दोन नोव्हेंबर २०२३ चा. त्यात चैत्या जन्मदात्या आईच्या गावी जातो, तिथे त्याला मणी आणि चिमी ही भावंडं भेटतात. चिमी म्हणजे त्रिशा ठोसर, आणि तिच्याविषयी मी काही लिहीत नाही, बघाच. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा श्रीनिवास, त्रिशा आणि मणी झालेला भार्गव जगताप, तिघांचीही नावं होती. म्हणजे अमरावतीच्या पोराला दुसऱ्यांदा! त्या दिवशी मी टीममध्ये पेढे वाटले. कुणाला कळेना कशाचे.

मधे एक किस्सा सांगायचा राहिला. पहिला 'नाळ' टीव्हीवर लागला तेव्हा बाबांनी आजीला दाखवला. रात्री फोन केला, स्पीकरवर. आजी म्हणाली, "नाय पायला." रूममेट रत्नागिरीचा. तो हळूच म्हणाला, अरे मग सांग ना त्यांना बघायला. मला आधी कळेनाच हा काय म्हणतोय. मग पेटली ट्यूब! आमच्याकडे जुनी माणसं 'ळ' ला 'य' म्हणतात. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. आजीनं 'नाळ' पाहिला होता. त्याच्या कोकणी कानाला तो 'नाही पाहिला' ऐकू आला. यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि हे हसणं मला आवडलं. कारण आजीनं पुढं जे विचारलं ते त्यानंही ऐकलं: "त्या पोट्ट्याले कोनी काई सांगत काहून नाई?" दोन्ही सिनेमे याच एका प्रश्नावर उभे आहेत, आणि तो तिनं एका वाक्यात विचारून टाकला. कोण म्हणतं समीक्षेला डिग्री लागते?

'नाळ' हा पहिलाच असं मात्र नाही. २००९ चा सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' मी खूप उशिरा, हॉस्टेलवर लॅपटॉपवर बघितला. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर अलकाला, म्हणजे सोनाली कुलकर्णीला, धास्ती बसते की आपला नवराही तेच करेल. मग ती त्याला एकटं सोडत नाही, पोराला त्याच्या मागे पाळतीवर लावते, गोडधोड करून घालते. नवरा गिरीश कुलकर्णी. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही की घरात हे काय चाललंय. यात हसू येतं, भरपूर येतं, आणि दिग्दर्शकालाही ते हवं आहे. पण प्रत्येक हसण्याखाली तो दोर लोंबतोय. शेतकरी आत्महत्यांवर रडके सिनेमे पुष्कळ निघाले, हा त्यातला नाही.

हे सगळं मी अकोल्याच्या एका मित्राला ऐकवलं तर तो भडकलाच. "अबे, आपन हसवतो म्हनून तं लोकं ओयखतात! तू काय आता सगळ्याइले रडवनार हायस?" मुद्दा अगदीच चुकीचा नाही. वऱ्हाडी माणूस तिरकस असतो, लग्नात असो की मौतीत, एक टोमणा मारल्याशिवाय त्याला राहवत नाही. ते काढून टाकलं तर उरेल ती वऱ्हाडी नव्हेच. पण मग मी त्याला गाडगेबाबा ऐकवले. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा हा माणूस. नोव्हेंबर १९५६ मध्ये, म्हणजे जायच्या महिनाभर आधी, त्यांनी मुंबईत वांद्र्याला केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे, सहज सापडतं. हेडफोन लावून ऐका. बाबा प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात, हसतात, आणि हसता हसता लोकांच्या लक्षात येतं की आपण स्वतःवरच हसतोय. तिथे लगाम बोलणाऱ्याच्या हातात आहे. टीम आउटिंगमध्ये माझ्या हातात तो नसतो, हा फरक. (१९७७ च्या 'देवकीनंदन गोपाला'मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी गाडगेबाबा केलेत. तोही बघा, पण आधी मूळ आवाज ऐका.)

आता एका चाहत्याची मागणी. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० ची. बाबांनी वाच वाच म्हणून मागे लागून वाचायला लावली. मी आळशी, म्हटलं आधी पिक्चर असेल तर बघू. शोधला तर २०१२ चा शिवाजी लोटन पाटील यांचा 'धग' सापडला. उत्तम सिनेमा, उषा जाधव यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, पण स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाची ती गोष्ट वेगळीच. शेळक्यांच्या 'धग'शी काही संबंध नाही. मग निमूटपणे पुस्तक वाचलं. कौतिक नावाची एक बाई संसार ओढते, ओढते, ओढतच राहते, आणि तिच्या तोंडी आमची बोली आहे. ती वाचताना मला एकदाही हसू आलं नाही. आठ भागांची वेब सिरीज सहज होईल यात. गुन्हेगारी आणि शिव्या यांच्यासाठी एवढे पैसे ओतताय, तर जरा इकडेही बघा की राव. सिनेमाच्या धंद्यात आमच्या भागाला आजही 'सीपी बेरार' सर्किट म्हणतात. त्या प्रांताचं नाव १९५० सालीच गेलं, पण कलेक्शनच्या तक्त्यात बेरार अजून शाबूत आहे. तिकिटं आमच्याकडून घेता, तर गोष्टीही घ्या.

मी स्वतः काय केलं? फार काही नाही. मागच्या आउटिंगला पुन्हा फर्माईश आली, "वऱ्हाडी बोलून दाखव ना!" मी म्हटलं, बोलतो, आणि आजी कशी पडली, अकोल्याच्या दवाखान्यात रात्रभर बाबा बाकड्यावर कसे बसले होते, ते सगळं वऱ्हाडीत सांगितलं. सुरुवातीला दोघं-तिघं हसले. मग थांबले. मग एकीनं विचारलं, आता कशा आहेत आजी?

बऱ्या आहेत. वॉकर घेऊन अंगणापर्यंत येते. भाग दोन तिनं अजून पाहिलेला नाही, म्हणजे खरंच 'नाय'. पुढच्या शनिवारी लॅपटॉप घेऊन जातोय. महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट वेटिंग सत्तावीसवर आहे, बघू.