टाकीत उतरायची परवानगी कोणी दिली?

मागे एकदा आमच्या दवाखान्यात रिक्षातून तिशीतल्या एका माणसाला आणले. कपडे मैल्याने भरलेले, ओठ निळसर, श्वास तुटक. एका शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहामागची सेप्टिक टँक साफ करायला तो उतरत होता. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच त्याला भोवळ आली. वरच्या सोबत्याने कॉलर धरून ओढला म्हणून तो हाती लागला. ऑक्सिजन लावून जिल्हा रुग्णालयात पाठवला, चार दिवसांनी घरी गेला. सोबत आलेल्या कारकुनाला मी विचारले, "याला उतरायला कोणी सांगितले?" तो म्हणाला, ठेकेदाराने. ठेकेदार म्हणाला, रेक्टरसाहेबांनी. रेक्टरसाहेबांचे म्हणणे, हे काम बांधकाम विभागाचे.

वाचकहो, त्याच आवारात सभागृह दोन तास हवे असेल तर तीन सह्यांचा अर्ज द्यावा लागतो!

मोठ्या कारखान्यांत 'कामाचा परवाना' नावाची पद्धत असते. वेल्डिंग, उंचीवरचे काम, विजेचे काम, बंद टाकीत उतरणे ही कामे लेखी परवान्याशिवाय सुरूच करायची नाहीत. काम कोणते, कुठे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हवा तपासली का, मेन स्विच बंद करून कुलूप लावले का, बाहेर पहाऱ्याला कोण, हे सारे त्या कागदावर असते. वेळ संपली की परवाना संपतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ मध्येच हे आले होते: विषारी वायूचा संभव असलेल्या टाकीत वा खड्ड्यात माणूस उतरवायचा तर जाणकाराने स्वतः हवा तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि पट्ट्यासह दोर द्यावा. पण विद्यापीठ म्हणजे कारखाना नव्हे, अशी आपली समजूत. मैल्याच्या टाकीतला वायू मात्र वर पाटी कोणाची आहे हे बघत नाही.

या वायूविषयी थोडे सांगतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. थोडा असेल तर नाकाला लगेच कळतो. प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि माणसाला वाटते, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. पुढचे एक-दोन श्वास पुरे होतात. आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी, एवढे त्यातून कळते. हायड्रोजन सल्फाइड त्यातून कळत नाही, आणि मिथेन साचलेला असेल तर तोच कंदील स्फोट घडवतो. यासाठी वायू मोजायचे मीटर मिळते. आणि आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे उडी टाकू नका. अशा अपघातांत वाचवायला गेलेला दुसरा आणि तिसराही दगावतो.

विद्यापीठात कारखान्यापेक्षा एक अडचण जास्त आहे. धोका एकाच्या ताब्यात, काम दुसऱ्याचे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला विषारी धूर ओढून गच्चीवर सोडणारे पंखे असतात. पंखा दुरुस्त करायला मिस्त्री गच्चीवर चढतो आणि खाली मुलांचे प्रॅक्टिकल चालूच असते. त्याला खालचे माहीत नाही, प्राध्यापकांना वरचे माहीत नाही. परवान्यावर दोघांच्या सह्या लागल्या, तर निदान दोघे एकदा बोलतील.

दिल्ली विद्यापीठाचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक असायला हवे. रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे बंद पडलेले, कोबाल्ट-६० असलेले गॅमा किरणांचे यंत्र २०१० साली भंगारात लिलाव झाले. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडले. अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एप्रिलमध्ये एक कामगार दगावला. वस्तू आवाराबाहेर जाण्यापूर्वी "यात काय आहे?" एवढे विचारणारा एक कागद आणि तो वाचणारा एक माणूस त्या वाटेवर नव्हता.

कोणी म्हणेल, आधीच कागद काय थोडे आहेत? खरे आहे, आणि नुसत्या कागदाने माणूस वाचत नाही हेही खरे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर १६७ माणसे गेली. तिथे परवान्याची पद्धत होती. एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती, तसा परवानाही होता. पण रात्रपाळीला तो कळला नाही आणि त्यांनी पंप चालू केला. म्हणून माझे म्हणणे असे की परवाना कार्यालयात बसून सही करण्याचा नसावा. सही करणाऱ्याने टाकीच्या तोंडाशी यावे, मीटर स्वतः पाहावे, आणि परवाना तिथेच टांगावा. वेल्डिंग संपल्यावर अर्धा-पाऊण तास ठिणगीवर नजर ठेवायला कोण थांबणार, त्याचेही नाव त्यावर असावे. सायंकाळी काम अर्धे राहिले तर सकाळी नवा परवाना.

सेप्टिक टँकच्या बाबतीत तर परवान्याच्याही आधीचा प्रश्न आहे. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, मग ठेकेदारामार्फत का असेना. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारमृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. नळी टाकून उपसणारी गाडी बोलावली तर माणूस उतरवायची वेळच बहुधा येत नाही.

तो रुग्ण पंधरा दिवसांनी तपासायला आला होता. छाती स्वच्छ होती. जाता जाता म्हणाला, "डॉक्टर, ती टाकी अर्धीच राहिलीय. ठेकेदार परत बोलावतोय." मी त्याला चिठ्ठी लिहून दिली: महिनाभर असे काम देऊ नये. त्या टाकीसंबंधी कोणी सही केलेला तो बहुधा पहिलाच कागद असावा.