शिक्क्याविना आलेली विज्ञान कादंबरी

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले पारितोषिक मिळाले. या नावाचा लेखक प्रत्यक्षात नव्हताच. केंब्रिजहून परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून ते नाव धारण केले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रतही पत्नीच्या हस्ताक्षरातली. परीक्षकांवर कीर्तीचे दडपण येऊ नये, एवढाच हेतू. निवाडा फक्त कथेचा झाला.

आज असा निवाडा करण्याचा प्रसंग वारंवार येतो, कारण प्रकाशकाच्या शिक्क्याविना, लेखकानेच प्रसिद्ध केलेल्या विज्ञान कादंबऱ्यांचा ओघ मोठा आहे. ‘वूल’ या अशाच स्वप्रकाशित लिखाणाने नावारूपाला आलेल्या ह्यू हॉवी यांच्या पुढाकाराने २०२१ साली केवळ अशा पुस्तकांसाठी इंग्रजीत एक स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी तीनशे पुस्तके परीक्षकांच्या दहा गटांत वाटली गेली; प्रत्येक गटाकडे तीस. एवढ्या ढिगातून पहिली चाळणी लावायची तर प्रारंभीच्या पानांवरच भिस्त ठेवावी लागते. सोय म्हणून ते समजण्यासारखे आहे. परंतु ज्या कादंबरीचा प्रत्येक सांधा विज्ञानाच्या नियमांनी बांधलेला असतो, इंग्रजीत जिला ‘हार्ड सायन्स फिक्शन’ म्हणतात, तिच्यावर या चाळणीत अन्याय होतो. पहिल्या प्रकरणात मांडलेल्या हिशेबाचे उत्तर तेथे बहुधा दोनशे पानांनंतर मिळते. पहिल्या वीस पानांत दिसते ती भाषेची सफाई. त्यामुळे गुळगुळीत लिहिणारा तरतो आणि गणित नेटके मांडणारा, पण वाक्यात अडखळणारा, बाहेर पडतो.

अँडी वेअर यांच्या ‘द मार्शियन’चे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. व्यवसायाने संगणक प्रोग्रॅमर असलेल्या वेअर यांनी ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली. जाणत्या वाचकांनी रसायनशास्त्रातल्या चुका दाखवाव्यात आणि लेखकाने त्या दुरुस्त कराव्यात, असा क्रम चालला. पुढे ती ९९ सेंटला विकली गेली, २०१४ साली मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून आली आणि २०१५ साली तिच्यावर चित्रपट निघाला. प्रकाशकाच्या संपादकाने करायचे पुष्कळसे काम वाचकांनी आधीच उरकले होते!

तरीही एक ढळढळीत चूक राहिली, आणि ती नेमकी पहिल्याच प्रकरणात. ताशी १७५ किलोमीटर वेगाच्या वादळाने मंगळावरची मोहीम उधळली जाते. मंगळावरील हवेची घनता पृथ्वीवरील हवेच्या सुमारे एक षष्ठांश नव्हे, एक साठांश! वाऱ्याचा दाब घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्या हिशेबाने हे महाभयंकर वादळ पृथ्वीवरच्या ताशी जेमतेम तेवीस किलोमीटरच्या वाऱ्याएवढे ठरते. त्यात पतंग उडेल, यान कलंडणार नाही. वेअर यांनी हे मोकळेपणाने मान्य केले आहे. नायकाला एकटे पाडण्यासाठी त्यांनी ही सवलत जाणूनबुजून घेतली.

परीक्षकाने येथे काय करावे? चूक सापडल्याच्या आनंदात पुस्तक बाजूला सारावे? तसे केले तर पुढचे सारे हातचे जाईल. हायड्रॅझिनचे विघटन करून हायड्रोजन मिळवणे, तो जाळून पाणी करणे, बटाट्यांच्या उष्मांकांवरून जगण्याचे दिवस मोजणे: हे हिशेब कथानकाला पुढे ढकलतात, आणि त्यांतला एक चुकला की नायकाच्या जिवाशी गाठ पडते. आरंभी उघडपणे घेतलेली एक सवलत क्षम्य आहे. अक्षम्य आहे ती अडचणीच्या क्षणी, शेवटाकडे, नायकाला वाचवण्यासाठी नियमच वाकवण्याची लबाडी. तसे करणाऱ्या लेखकाची भाषा कितीही प्रासादिक असो, त्याचे गुण कापलेच पाहिजेत.

याचा अर्थ व्याकरणाकडे आणि पात्रांकडे काणाडोळा करावा, असा नव्हे. मुद्रितशोधनाचा कंटाळा हा वाचकाचा अनादरच. पण तो दोष महिन्याभराच्या कष्टाने निघतो. पोकळ कथाबीजावर असा इलाज नाही. म्हणून प्रत्येक गटात साहित्याच्या जाणकाराशेजारी कागद-पेन्सिल घेऊन आकडे तपासणारा एक तरी असावा, आणि अशा कादंबरीची चाळणी मधले एक प्रकरण वाचल्यावाचून लावू नये. नाकारलेल्या लेखकाला हिशेब कोठे फसला, हे दोन ओळींत कळवता आले तर उत्तमच. वेअर यांना त्यांच्या वाचकांकडून मिळाले ते याहून फारसे वेगळे नव्हते.