‘नो सच फाइल’ म्हणजे तुमचा कोड चुकला असं नाही. बिल्डचा एरर नेमका कुठून वाचायचा?

कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी प्लस प्लसवर व्यवस्थित चालणारा प्रोग्राम. तोच घरी उबंटूवर जीसीसीने बिल्ड केला, की पहिल्याच ओळीला अडतो. स्क्रीनवर येतं, ‘फेटल एरर: आयओस्ट्रीम डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. कोडिंग आपल्याला जमणारं नाही, असं इथेच ठरवून टाकणारे विद्यार्थी कमी नाहीत. गंमत म्हणजे त्यांनी लिहिलेलं लॉजिक तोवर कंपायलरने पाहिलेलंही नसतं.

त्याआधी प्रीप्रोसेसरचं काम असतं. ‘हॅश इन्क्लुड’ दिसलं की तो ती हेडर फाइल शोधतो आणि तिचा सगळा मजकूर त्या जागी चिकटवतो. फाइलच मिळाली नाही तर चिकटवणार काय? म्हणून तो तिथेच थांबतो. ‘फेटल’चा अर्थ एवढाच.

मग फाइल गेली कुठे? टर्बो 1990च्या दशकाच्या सुरुवातीचं. सी प्लस प्लसचं पहिलं आयएसओ स्टँडर्ड 1998 मध्ये आलं आणि त्यात नाव नुसतं ‘आयओस्ट्रीम’ आहे. ‘डॉट एच’ काढा, हा एरर जातो. (लगेच ‘सीआउट’बद्दल दुसरा येईल, त्याच्याआधी ‘एसटीडी’ लावायचं राहिलेलं असतं.) ‘कोनिओ डॉट एच’ डॉसच्या जमान्यातली आहे, जीसीसीबरोबर लिनक्सवर ती येत नाही. ती ओळ आणि ‘गेटसीएच’ दोन्ही काढावे लागतात.

कधी हेडर खरंच हवी असते, पण इन्स्टॉल झालेली नसते. पायथन चालतं, तरी एखादं पॅकेज बिल्ड होताना ‘पायथन डॉट एच’ सापडत नाही. कारण उबंटूवर हेडर ‘पायथन थ्री डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात.

शंभर ओळी आल्या तर शेवटची वाचू नका. तिथे ‘मेक’ फक्त काम अर्धवट राहिल्याचं सांगतं. वर स्क्रोल करा आणि पहिला ‘एरर’ शोधा. त्याच ओळीत फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो. त्याच्या वरचं ‘इन फाइल इन्क्लुडेड फ्रॉम’ हा एरर नाही. ती फाइल कुणी मागवली, याचा तो पत्ता आहे.

हे शिकायला एक तासही पुरे. पण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आउटपुटसाठी जागा असते, आलेल्या एररसाठी नसते. इतकी जुनी साधनं वापरून शिकवायचं आणि नव्या कंपायलरसमोर मुलांना एकटं सोडायचं, यात चूक मुलांची नाही.