एवढे झालेच आहे तर...

भाचा 'प्रिन्स टू'च्या परीक्षेला बसतोय. 60 प्रश्न, 60 मिनिटे. नाव ऐकून आम्हाला वाटले, कुणा शहजाद्याची गोष्ट असावी! निघाली ब्रिटिश सरकारची कामे चालवण्याची रीत. 1989 मध्ये ती संगणकाच्या कामांसाठी आली. 1996 च्या 'प्रिन्स टू'पासून कोणत्याही प्रकल्पाला लागू झाली.

तिची तत्त्वे सात. आम्हाला भिडले ते पहिलेच. काम सुरू करतानाच नव्हे, तर प्रत्येक टप्प्याच्या शेवटी विचारायचे, हे अजून करण्याजोगे आहे का? नसेल तर तिथेच थांबायचे. खर्च नि वेळ ठरल्यापेक्षा किती वाढलेले चालतील, हेही आधीच लिहून ठेवायचे. मर्यादा ओलांडली जाणार असे दिसताच वरच्यांना कळवायचे, ओलांडल्यावर नव्हे.

आम्ही घरावर मजला चढवला, तेव्हा स्लॅब टाकतानाच पैसे संपले होते. अब्बांनी विचारले, "आता?" आम्ही म्हणालो, "एवढे झालेच आहे तर..." दागिने गहाण पडले. वरची खोली आजही बिनप्लास्टरची आहे.

निर्णय कोणाचा, हेही या पद्धतीत आधी ठरते. आमच्याकडे अब्बा, मामू आणि मिस्त्री, तिघेही मालक! कागदपत्रे मात्र फार. पण कामाच्या आकाराप्रमाणे ती बेताची ठेवा, असेही एक तत्त्व आहेच.

आता भाचीच्या लग्नाची तयारी निघाली आहे. एका वहीत तीन टप्पे आखलेत. दुसऱ्या पानावर लिहिले आहे : हॉलचा ॲडव्हान्स देण्यापूर्वी सर्वांनी बसायचे.