समुद्राचा सातबारा कुणाच्या नावे?

पुण्याला समुद्र नाही. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात बर्फात घातलेले पापलेट आणि बोंबील येतात, तेवढाच आपला समुद्राशी संबंध, असे आपण धरून चालतो. तेव्हा बायकांच्या त्रैमासिकात युरोपच्या जहाज-वाहतुकीच्या धोरणावर लेख कशाला, असे काही मैत्रिणींच्या मनात येईल. पण चाकणच्या कारखान्यातले यंत्राचे भाग असोत की नाशिकची द्राक्षे, इथून युरोपला जाणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा उरणजवळच्या नाव्हा-शेवा बंदरातूनच जातो. त्या बंदराच्या भरावाखाली काय गेले आणि कुणाचे गेले, हा प्रश्न बायकांचा आहे. म्हणून हा लेख.

आधी धोरण काय आहे ते पाहू. युरोपीय संघ आपल्या सागरी वाहतुकीला दोन विशेषणे लावतो : शाश्वत आणि स्पर्धाक्षम. शाश्वत म्हणजे हवा कमी बिघडवणारी, स्पर्धाक्षम म्हणजे धंद्यात मागे न पडणारी. १ जानेवारी २०२४ पासून युरोपच्या बंदरांत येणाऱ्या, पाच हजार टनभारापासून वरच्या मोठ्या जहाजांना आपल्या धुराचे पैसे मोजावे लागतात. युरोपातल्या युरोपात फिरताना सोडलेला सगळा धूर हिशेबात धरतात, आणि नाव्हा-शेवाहून सरळ रॉटरडॅमला गेलेल्या जहाजाचा निम्मा. २०२४ सालच्या धुरापैकी ४० टक्के, २०२५ च्या ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण १०० टक्के, अशा पायऱ्या ठरल्या. १ जानेवारी २०२५ पासून इंधनाचाही नियम आला. जहाजाच्या ऊर्जेमागे निघणारे तापवायू २०२५ मध्ये २ टक्क्यांनी, २०३० मध्ये ६ टक्क्यांनी आणि २०५० पर्यंत ८० टक्क्यांनी कमी व्हायला हवेत.

हे नियम वाईट आहेत, असे आमचे म्हणणे नाही. समुद्र तापला की पहिला फटका किनाऱ्यावरच्या गरिबाला बसतो. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात रायगडमधल्या घरांची छपरे उडाली, सुपारीच्या बागा झोपल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. जहाजांचा धूर कमी व्हावा, हे कोळणीच्याही हिताचे आहे.

आमचा प्रश्न आहे तो या हिशेबाच्या वहीत काय लिहिले आणि काय लिहिलेच नाही, याबद्दल. धुराचे पैसे चुकवण्यासाठी जहाजांनी जवळच्या परक्या बंदरात थांबून माल फिरवू नये, म्हणून युरोपने आपल्या किनाऱ्यापासून ३०० सागरी मैलांपर्यंतची बंदरे तपासली. मोरोक्कोचे टँजर आणि इजिप्तचे पूर्व पोर्ट सैद यांची नावे यादीत घातली. तिथे कंटेनर जहाज थांबले तरी तो थांबा धरला जात नाही. स्वतःच्या धक्क्यावरचा धंदा जाऊ नये, म्हणून घेतलेली ही काळजी. जमा होणारा पैसा जातो तो युरोपातल्या सरकारांच्या तिजोरीत आणि तिथल्याच नव्या तंत्रज्ञानाच्या निधीत. जहाज कंपन्या आपला वाढीव खर्च मालाच्या भाड्यावर चढवतात. म्हणजे प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या किनाऱ्याचा या वहीत उल्लेख येतो, तो फक्त मैल मोजण्यापुरता.

कुणी म्हणेल, दुसऱ्या देशाच्या किनाऱ्याशी युरोपने का संबंध ठेवावा? पण जिथे ठेवायचा असतो तिथे तो ठेवतो. २०१० साली आपल्या द्राक्षांत एका वाढरोधक औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपने माल नाकारला. आज युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची प्रत्येक बाग नोंदलेली असते, पेटीवरून बाग शोधता येते. खाणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न आला तेव्हा नियमाचा हात नाशिकच्या बागेपर्यंत पोचला. तीच पेटी ज्या धक्क्यावरून जहाजात चढली, त्या धक्क्यापाशी मात्र हा हात आखडतो.

आता त्या धक्क्याकडे जाऊ. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याआधीची गोष्ट उरण-पनवेलचे लोक विसरलेले नाहीत. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जमिनीच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाचजण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. या लढ्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. पण लढ्याचे फळ ज्यांच्या नावे सातबारा होता त्यांना मिळाले. शेवा कोळीवाड्यातल्या कोळ्यांकडे खाडी होती, सातबारा नव्हता. त्यांना उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात बसवले, आणि त्या घरांना वाळवी लागली. वर्षानुवर्षे दारे-खिडक्या पोखरत राहिल्या, आणि पुन्हा दुसऱ्या जागेसाठी अर्ज करत लोक म्हातारे झाले.

बंदर वाढत गेले तसा भराव वाढला, तिवरे तुटली, भरतीचे पाणी खाडीत शिरायच्या वाटा बुजल्या. हा दावा शेवटी आपल्याच शहरात, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठासमोर आला. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाने पारंपरिक मच्छीमारांच्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये द्यावेत, असा निकाल दिला. भरपाईतला सर्वांत मोठा वाटा बंदराने उचलायचा होता, उरलेला सिडको आणि ओएनजीसी यांनी. खाडी मोडली तर कोळ्याचे नुकसान होते आणि त्याचे पैसे द्यावे लागतात, हे मान्य झाले. निकाल मोठा होता, यात शंका नाही.

पण आपण बायकांनी तो वाचताना ‘कुटुंब’ या शब्दापाशी थांबायला हवे. कुटुंब म्हणजे कोण? पैसा कुणाच्या पासबुकात जातो? होडीचा परवाना, जाळ्याची नोंद, सोसायटीचे सभासदत्व बहुतेक घरांत पुरुषाच्या नावे असते. तिचे काम मात्र कुठल्याच कागदावर नसते.

आणि तिचे काम थोडेथोडके नाही. मासळी पाण्यात असेपर्यंत पुरुषाची, काठाला लागली की बाईची. लिलावात बोली लावणे, निवडणे, बर्फ लावणे, बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालणे, जवळा पसरणे, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करणे, हे सारे ती करते. ओहोटीला चिखलात उतरून कालवे फोडणे, खुबे वेचणे, निवट्या धरणे, हेही काम मुख्यतः तिचेच. त्याला होडी लागत नाही, भांडवल लागत नाही. नवरा वारलेल्या, टाकून दिलेल्या, दारुड्याशी संसार करणाऱ्या बाईला तो चिखलच आधार असतो. संध्याकाळच्या चुलीपुरते तिथून हमखास मिळते. कोळीणीच्या कंबरेला असलेल्या पैशाच्या पिशवीचे आपण कौतुक करतो, पण ती पिशवी या खाजणातून भरत असे. खाजण गेले की नवऱ्याला एखादे वेळी कंत्राटदाराकडे वॉचमनची नोकरी लागेलही, पण तिची पिशवी रिकामी होते. ती त्याच्या पगारावर अवलंबून राहते. बंदराच्या फायद्या-तोट्याच्या कुठल्या रकान्यात ही घसरण मांडतात?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे आदळली. चित्रामधून शेकडो टन तेल समुद्रात गेले, कंटेनर वाहून गेले, काही कंटेनरांत कीटकनाशके होती. लोकांनी धास्तीने मासे घेणे सोडले. अशा वेळी आपल्याकडे सरकारी पंचनामा होतो तो होडीचा आणि जाळ्याचा. न विकलेल्या पाटीचा पंचनामा कोण करणार?

हे कुठेच करता येत नाही असे नव्हे. स्पेनच्या वायव्य टोकाला गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. तिथेही ओहोटीला बायका बादली आणि दाताळे घेऊन वाळूत उतरतात, तिसऱ्या-शिंपल्या वेचतात. एके काळी त्यांचे कामही ‘घरखर्चाला हातभार’ समजले जाई. नव्वदच्या दशकात या बायका संघटित झाल्या, परवाने आले, कुणी किती वेचायचे हे त्यांनी मिळून ठरवायला सुरुवात केली, सामाजिक सुरक्षेत त्यांची नावे लागली. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘प्रेस्टिज’ हे तेलवाहू जहाज त्यांच्या किनाऱ्याजवळ फुटले, शिंपल्या वेचण्यावर बंदी आली, तेव्हा रोजचा भत्ता मिळणाऱ्यांत या बायकाही होत्या. कारण त्या कामगार म्हणून आधीच मोजल्या गेल्या होत्या. पुढे २०१० साली युरोपीय संघाने स्वतंत्र धंदा करणाऱ्याच्या बायकोला, ती त्या धंद्यात राबत असेल तर, सामाजिक संरक्षण आणि बाळंतपणाचा भत्ता मिळावा, असा निर्देशही काढला. म्हणजे बाईचे किनाऱ्यावरचे काम हे काम आहे, हे युरोपला कळते. ते स्वतःच्या घरात कळते आणि जहाजाबरोबर प्रवास करत नाही, एवढाच आमचा आक्षेप आहे.

२०२४ साली मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठा-साखळीत माणसांचे हक्क आणि पर्यावरण यांचे काय होते हे तपासावे, असा कायदा युरोपीय संघाने केला होता. २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली, तो सैल करायचे घाटू लागले. कारण काय, तर स्पर्धाक्षमता. दोन विशेषणांत भांडण लागले की कुठले जिंकते, ते यावरून दिसते.

पण सगळे खापर युरोपवर फोडले की आपल्या राज्यकर्त्यांना बरेच वाटेल. म्हणून वाढवणकडे पाहू. डहाणूजवळच्या या बंदराला १९९८ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने नकार दिला होता. त्या वेळी बंदर बांधायला पुढे आलेली पी अँड ओ ही मुळात ब्रिटिश कंपनी. पंचवीस वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. भारतातून पश्चिम आशियामार्गे युरोपला जोडणाऱ्या, २०२३ साली दिल्लीत जाहीर झालेल्या मार्गासाठीही हे बंदर उपयोगी पडेल, असे सरकारच सांगते. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला, आणि वर्षभरात सातपाटीच्या पापलेटसाठी नावाजलेल्या या किनाऱ्यावर बंदराची कोनशिला बसली. गमतीची गोष्ट आहे, पण हसू येत नाही.

या प्रकल्पात १,४४८ हेक्टर, म्हणजे साडेतीन हजार एकरांहून जास्त समुद्र बुजवायचा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात दोन चांगल्या गोष्टी आहेत. पाण्यावर पोट असणारे मच्छीमार ‘बाधित कुटुंबा’त येतात. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायकांना स्वतंत्र कुटुंब धरले जाते. परित्यक्तांच्या चळवळीत महाराष्ट्रातल्या बायकांनी जे मागितले, तेच हे. पण हा कायदा लागू होतो जमीन घेतली की. रस्त्या-रेल्वेला जमीन घेतील तिथे तो बोलेल. समुद्र ‘संपादन’ करावा लागत नाही, तो नुसता बुजवता येतो.

बंदराने दहा लाख लोकांना रोजगार मिळेल, असा सरकारचा अंदाज आहे. रोजगार नको असे कोण म्हणेल? डहाणू-पालघरच्या शिकलेल्या मुलींना क्रेनवर, कार्यालयात, जहाजावर काम मिळाले तर आम्हाला आनंदच आहे. पण २०२१ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जगातल्या जहाजी कामगारांत बायका सव्वा टक्क्याच्या आसपास होत्या. धक्क्यावरचे काम यंत्राकडे चालले आहे. म्हणून दहा लाखांतल्या किती जागा बायकांच्या, त्यातल्या किती कोळी आणि वारली बायकांच्या, आणि आज चिखलात उतरणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईसाठी त्यात काय आहे, हे लेखी सांगा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहिमेत खेड्यापाड्यांतल्या बायकांची नावे सातबाऱ्यावर चढली. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी दुरुस्ती केली. जमिनीच्या कागदावर नाव यायला एवढे झगडावे लागले. समुद्राला तर सातबाराच नाही. तिथे नाव लावायचे असेल तर आधी वहीच तयार करावी लागेल.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. वाढवण आणि उरण इथल्या पाहणीत प्रत्येक कष्टकरी बाईची, ती वेचणारी असो, वाळवणारी असो की विकणारी, स्वतंत्र नोंद व्हावी : तिचे नाव, तिचे काम, वर्षातले दिवस, तिची कमाई. भरपाई तिच्या स्वतःच्या खात्यात जावी. एकट्या बाईला कुटुंब मानावे, मग जमीन गेली असो वा पाणी. आणि ही वही पूर्ण झाल्याशिवाय कुठल्याही बंदराला ‘हरित’ म्हणू नये, इथल्या सरकारने नाही आणि युरोपच्या व्यापाऱ्यानेही नाही.

ही नोंद सरकार आपणहून करेल असे वाटत नाही. आपल्या संघटनांनी किनाऱ्यावरच्या बायकांबरोबर बसून ती सुरू करता येईल. रेशनकार्ड आणि वारसहक्कासाठी आपण घरोघर फिरून याद्या केल्या आहेत, त्यामुळे काम नवे नाही. ज्या मैत्रिणींना यात यायचे आहे, त्यांनी कळवावे. सुरुवात गणेश पेठेतूनही करता येईल. पुढच्या वेळी मासे घेताना विकणाऱ्या बाईला भावाबरोबर आणखी एक विचारा, ‘मावशी, हा माल कुठल्या बंदराचा, आणि तिथे आता कोण उरलंय?’