‘पण निवडून थोडाच येणार?’

‘माणूस चांगला आहे रे, पण निवडून थोडाच येणार? मत कशाला वाया घालवायचं!’ निवडणूक आली की कॉलेजच्या कट्ट्यापासून घरातल्या जेवणाच्या ताटापर्यंत हे वाक्य ऐकू येतं. दोन मोठ्या आघाड्यांच्या बाहेरून कुणी विधानसभेला उभं राहिलं, की त्याचं काम काय, शिक्षण काय, त्याच्यावर गुन्हे आहेत का, हे बघायच्या आधीच आपण त्याचा निकाल लावून मोकळे होतो. मतदान व्हायच्या आधीच!

आकडे बघितले तर या वाक्यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या 288 जागांसाठी 4,136 उमेदवार रिंगणात होते. त्यातले 2,086 अपक्ष. म्हणजे निम्म्याहून जास्त. निवडून किती आले? दोन. 2019 मध्ये तेरा आले होते आणि 1995 मध्ये तर तब्बल 45 अपक्ष आमदार होते, त्यांच्या टेकूवर युतीचं सरकार उभं राहिलं. आता दोन. आणि तेही पक्षांच्या राजकारणाबाहेरून आलेले नाहीत. जुन्नरचे शरद सोनवणे 2014 ला याच मतदारसंघातून मनसेचे आमदार होते, तर चंदगडचे शिवाजी पाटील भाजपचे बंडखोर. आपल्याकडे ‘अपक्ष’ म्हणजे बहुतेक वेळा तिकीट न मिळालेला पक्षवालाच असतो. खरोखर बाहेरून आलेला, स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस या आकड्यांत शोधायला गेलात तर सापडत नाही.

का सापडत नाही? एक कारण असं की पळायची लाइनच सगळ्यांसाठी एक नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला किंवा मान्यता नसलेल्या छोट्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघातले मतदार. मतदारयादीची प्रत मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला फुकट मिळते, याला विकत घ्यावी लागते. मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत छोटे पक्ष आणि सगळ्यात खाली अपक्ष.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चिन्ह. कमळ, पंजा लहानपणापासून आपल्या डोळ्यांत बसलेले आहेत. अपक्षाला मात्र माघारीची मुदत संपेपर्यंत आपलं चिन्ह काय हेच नक्की माहीत नसतं. 2024 मध्ये माघारीचा शेवटचा दिवस होता 4 नोव्हेंबर, म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. प्रचार थांबला 18 ला संध्याकाळी. जेमतेम दोन आठवडे! राज्यातले मतदार आणि मतदारसंघ यांचा भागाकार केला तर एका मतदारसंघात सव्वातीन लाखांहून जास्त मतदार आणि साधारण साडेतीनशे बूथ येतात. एवढ्या लोकांपर्यंत ‘माझं चिन्ह शिट्टी आहे’ एवढं पोचवायचं म्हटलं तरी दम लागतो. आपला कार्यक्रम काय, हे सांगायची वेळच येत नाही.

पैशाचंही तसंच. उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे, सगळ्यांना सारखी. ऐकायला छान वाटतं. पण पक्ष स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर जो खर्च करतो त्याला मर्यादाच नाही आणि स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्चही उमेदवाराच्या हिशोबात धरला जात नाही. अपक्षाला कुठला आलाय हेलिकॉप्टरवाला स्टार? त्याच्या पत्रकाच्या प्रत्येक गठ्ठ्याचा, रिक्षावरच्या प्रत्येक भोंग्याचा खर्च त्याच्याच नावावर पडतो.

आता दुसरी बाजू. हे नियम कुणी निव्वळ दुष्टपणाने केलेले नाहीत. 1996 मध्ये तामिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात 1,033 उमेदवार उभे राहिले होते आणि मतपत्रिकेची अक्षरशः पुस्तिका छापावी लागली होती. त्याच वर्षी कायदा बदलला, दहा सूचकांची अट आली, अनामत वाढली. आज विधानसभेसाठी ती 10 हजार रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना पाच हजार. आणि अपक्षांच्या गर्दीत ‘उभे केलेले’ उमेदवारही असतात, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. 2014 च्या लोकसभेला रायगडमध्ये सुनील तटकरे जेमतेम 2,100 मतांनी हरले; त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांहून जास्त मतं पडली होती. 2024 ला साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ साधारण 32 हजारांनी हरला आणि नुसती पिपाणी चिन्ह असलेल्या अपक्षाने 37 हजार मतं घेतली. तेव्हा ‘हा कुणाची मतं खायला उभा आहे?’ ही शंका लोकांच्या मनात येते ती उगाच नाही.

पण म्हणून प्रत्येकालाच त्या रांगेत उभं करायचं का? याचं उत्तर सांगोल्यात मिळतं. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा आमदार झाले. पक्ष छोटा, राज्यात त्याची ताकद ओसरत गेलेली, तरी 1962 पासून अर्धशतकाहून जास्त काळात ते फक्त दोनदा हरले, 1972 ला आणि 1995 ला. दुष्काळी तालुका, पाण्याचा प्रश्न, सहकारी सूतगिरणी, एसटीने प्रवास करणारा आमदार, हे सगळं आपण ऐकलेलं असतं. 2021 मध्ये ते गेले. मग 2024 ला त्यांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून उभे राहिले. समोर महायुतीचे, ‘झाडी-डोंगार’फेम शहाजीबापू पाटील आणि महाविकास आघाडीच्याही शिवसेनेचा अधिकृत उमेदवार. म्हणजे हा शब्दशः तिसरा. निकाल? 25 हजारांपेक्षा जास्त मतांनी विजय. ज्या निवडणुकीत एकट्या महायुतीने दोनशेचा आकडा सहज ओलांडला, त्याच निवडणुकीत.

कुणी म्हणेल, ही तर घराणेशाहीच झाली. आजोबांचं नाव होतं म्हणून नातू आला. खरंय, आणि एरवी त्यावर भांडायला मी पहिली तयार असेन. पण नाव तयार कशाने झालं, हेही बघायला नको का? दोन निवडणुकांच्या मधली जी चार वर्षं अकरा महिने असतात, त्यात तालुक्यात कोण दिसत होतं, यावर सांगोल्यात तिसरा उमेदवार ‘वाया’ ठरला नाही. तेव्हा बाहेरून उभ्या राहिलेल्या उमेदवाराला आपण विचारायचा प्रश्न ‘निवडून येणार का?’ हा नाही. ‘गेल्या चार वर्षांत होतास कुठे?’ हा आहे. बॅनरवरच पहिल्यांदा दिसलेल्याला खुशाल नाकारा. त्याच्या पराभवाचं वाईट वाटून घेऊ नका.

आणि जो होता, दिसत होता, त्याला दिलेलं मत वाया जातं का? एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं नाही मिळाली तर अनामत जप्त होते. दोन लाख मतं पडली तर 33 हजारांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे 30 हजार लोकांनी विश्वास टाकला तरी दुसऱ्या दिवशी हेडिंग येणार, ‘डिपॉझिट जप्त’. (आपल्या धंद्यातल्या लोकांनी हा शब्द जरा जपून वापरायला हरकत नाही.) पण 2024 लाच मालेगाव मध्यचा निकाल 162 मतांनी लागला आणि साकोलीचा 208 मतांनी. अशा ठिकाणी तिसऱ्याकडे गेलेली दोन-तीन हजार मतं कुठल्या गावातली, कुठल्या प्रश्नावरची, हे दोन्ही मोठे पक्ष पुढची पाच वर्षं शोधत बसतात. शिवाय आणखी एक नियम फार कुणाला माहीत नसतो. एकही आमदार निवडून आला नाही, तरी राज्यात आठ टक्के वैध मतं मिळवणाऱ्या पक्षाला राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळू शकते. मान्यता म्हणजे कायमचं चिन्ह, फुकट मतदारयादी, एकच सूचक. हरलेल्या उमेदवारांची मतंच इथे मोजली जातात.

आता आपलं काय? आमदारकीला वयाची अट 25 आहे, त्यामुळे हे वाचणारे आपण बहुतेक जण सध्या उभे राहू शकत नाही. नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य व्हायला मात्र 21 पुरतात. पण उमेदवारी म्हणजे फक्त उमेदवार नव्हे. त्या दहा सूचकांसाठी अट एवढीच, की ते त्या मतदारसंघाचे मतदार हवेत. म्हणजे अठरा पूर्ण झालेला प्रत्येक जण. आणि सूचकाची सही ही नुसती फॉर्मॅलिटी नसते. 2024 च्या लोकसभेला सूरतमध्ये काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी ‘या सह्या आमच्या नाहीत’ असं लिहून दिलं, अर्ज बाद झाला आणि बाकीच्यांनी माघार घेतल्यावर भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. लाखो सूरतकरांना बटण दाबायची संधीच मिळाली नाही. दबावाखाली मागे न हटणारे दहा जण मिळणं, हीच छोट्या उमेदवाराची पहिली परीक्षा असते. दुसरी असते मतदानाच्या दिवशी. साडेतीनशे बूथवर साडेतीनशे पोलिंग एजंट कुठून आणायचे? मोठ्या पक्षांची माणसं सकाळी सातपासून बसलेली असतात आणि याची खुर्ची रिकामी.

एक अडचण तेवढी आहे. पुण्या-मुंबईच्या होस्टेलवर राहणाऱ्या कितीतरी जणांचं नाव अजून गावच्याच यादीत असतं. त्यांना इथे ना मत देता येतं, ना सूचक होता येतं. गावाकडचं राजकारण जवळचं वाटत असेल तर नाव तिथेच राहू द्या आणि मतदानाला घरी जा. पण पुढची काही वर्षं इथेच काढणार असाल तर पत्ता बदलायचा फॉर्म 8 ऑनलाइनही भरता येतो. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा या सुट्टीतच भरून टाका.