चबुतऱ्यावर नाव कुणाचं?

आर्ट कॉलेजात जात नाही, असं आमचे मास्तर सांगतात. मातीला जात नसते म्हणतात. हातात शाडू घेतला की सगळे सारखे. वाक्य झकास आहे. पहिल्या वर्षाची पोरं ते वहीत उतरवून घेतात. तिसऱ्या वर्षापर्यंत ज्याला डोळे आहेत त्याला कळतं, की मातीला जात नसेल, पण ती कोण मळतं याला आहे. आणि चबुतऱ्यावर नाव कुणाचं कोरलं जातं याला तर हमखास आहे.

मी शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, तेवढं एकच कॉलेज वाईट.

बाहेरच्या दोस्तांना आमचा वर्ग कसा असतो ते माहीत नसतं, म्हणून सांगतो. ब्रश धुतला नि घरी गेलो, असं आमच्यात नसतं. आधी शाडू भिजवायचा, तुडवायचा, खडे वेचायचे, मळायचा. मग सळई वाकवून आर्मेचर बांधायचं. त्याला तारेने लाकडी फुल्या टांगायच्या, नाहीतर ओल्या मातीचं डोकं रात्रीत मानेवरून खाली येतं. काम चालू आहे तोवर ओली फडकी गुंडाळायची. सुटीतही कुणीतरी येऊन पाणी मारायचं. मातीकाम झालं की त्यावर प्लास्टरचा साचा. मग आतली माती खरवडायची, साचा धुवायचा, साबणाचं पाणी लावायचं, आत प्लास्टर नाहीतर फायबर भरायचं, आणि छिन्नीने वरचा साचा फोडून काम बाहेर काढायचं. एक ठोका जोरात बसला की नाक गेलं. दोन महिन्यांची मेहनत गेली.

म्हणजे शिल्प हे कुंभाराचं, लोहाराचं, गवंड्याचं नि हमालाचं काम आहे. आता गंमत बघा. या एकाच कामाचे दोन भाग केलेत. एकाला म्हणतात सर्जन. दुसऱ्याला म्हणतात मदत.

आमच्या विभागात एक मामा आहेत. हजेरीपटावर शिपाई. साचा किती तुकड्यांत पाडायचा, कानामागचा सांधा कुठून न्यायचा, हे मास्तरसुद्धा मामांना विचारतात. वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या रात्री अर्ध्या वर्गाचं कास्टिंग मामा करतात. दुसऱ्या दिवशी पाहुणे येतात तेव्हा तेच मामा स्वतः भरलेल्या पुतळ्यांमधून सरबताचा ट्रे घेऊन फिरतात. बक्षिसाच्या फळ्यावर पोरांची नावं. मामांची जात आम्ही कुणी विचारलेली नाही. विचारायची गरजच पडत नाही.

मास्तर म्हणतात, कल्पना महत्त्वाची, हात कुणाचेही असू शकतात. व्वा! हे तत्त्वज्ञान आम्ही कुठे तरी ऐकलंय. डोक्यातून जन्मलेला वर, पायातून जन्मलेला खाली. १९३६ साली 'जातिनिर्मूलन' लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिलं, की ही व्यवस्था नुसती कामं वाटत नाही, काम करणारी माणसंच एकमेकांच्या डोक्यावर रचून ठेवते. हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने एक दिवस आमच्या वर्गात येऊन बसावं.

मॉडेलचंही तसंच. नाक्यावरून एखादा म्हातारा नाहीतर एखादी बाई आणतात. रोजावर. स्टुलावर तासन्‌तास न हलता बसायचं. पाय बधिर होतात. वीस पोरं त्या माणसाच्या सुरकुत्या मोजतात, पण नाव कुणी विचारत नाही. मग प्रदर्शनात खाली पाटी लागते: 'कष्टकरी', 'म्हातारा', 'भूक'. शेजारी संस्थेच्या अध्यक्षांचं हेड असतं. त्यांच्या पाटीवर पदवीसकट पूर्ण नाव! अरे, ज्याच्या भुकेवर तुम्हाला बक्षीस मिळालं, त्याला आईबापांनी नाव ठेवलं होतं की नाही?

आणि माप कुठलं शिकवतात? साडेसात डोक्यांचा माणूस. कोपऱ्यात ग्रीक देवांचे प्लास्टरचे पुतळे उभे आहेत, त्यांची नाकं, कान, ओठ पहिल्या वर्षी घोटून घ्यायचे. घोटले आम्ही. चांगले घोटले. पण माझा बाप तीस वर्षं विटा वाहतो. त्याची पाठ त्या मापात बसत नाही. मी ती केली तेव्हा मास्तर म्हणाले, प्रपोर्शन चुकलंय. प्रपोर्शन चुकलंय हे खरंच. कुणी चुकवलं, एवढाच प्रश्न आहे.

मास्तर आम्हाला म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' दाखवतात. १८९६ सालची, विद्यार्थिदशेत केलेली. साडीच्या चुण्या बघा, चाल बघा. बघितल्या. हात उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण १९३० साली नाशिकला काळारामाच्या दाराशी आमच्या आज्या उभ्या राहिल्या, लाठ्या खाल्ल्या. मंदिराकडे जाणारी बाई ती शिल्प. मंदिराच्या दारात अडवलेली बाई मात्र यांच्या अभ्यासक्रमात नाही.

स्टडी टूरला कार्ल्याला नेलं. मास्तरांनी दर्शनी भागावरची जोडपी दाखवली, त्यांचं लालित्य सांगितलं. तिथले शिलालेख कुणी दाखवले नाहीत. ते आम्ही नंतर पुस्तकातून शोधले. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने चैत्याचं दार केलं, असं तिथे कोरलेलं आहे. बापाच्या नावासकट. सांचीच्या दक्षिण तोरणावर लिहिलंय, की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचं. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्धांच्या दगडावर सुताराला नाव होतं. आज आमच्या विभागातल्या मामांना नाही. याला म्हणतात प्रगती!

मुंबईत बघा. व्ही.टी. स्टेशनच्या भिंतींवर पानं, फुलं, माकडं, मोर आहेत. त्यातलं पुष्कळसं काम मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं. रोज लाखो लोक त्याखालून लोकल पकडतात. आर्किटेक्ट स्टीव्हन्सचं नाव सगळ्यांना ठाऊक, पोरांची नावं विचारा बरं कुणाला. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर तर, १८७८ साली तो पुरा झाला तेव्हापासून, पश्चिम हिंदुस्थानातल्या जातींचे नमुने म्हणून कोरलेल्या मूर्ती उभ्या आहेत. ज्ञानाच्या मनोऱ्यावर दगडातल्या जाती! इंग्रज गेला, पण त्या तिथेच आहेत.

आता मुद्द्याचं.

शेवटच्या वर्षाच्या कामासाठी मी विषय दिला: आमच्या वस्तीतला बाबासाहेबांचा पुतळा. तो कसा उभा राहिला, घरटी वर्गणी कशी निघाली, कुठल्या कारखान्यात भरला, रात्री टेम्पोतून कसा आणला, पोरांनी खांद्यावर कसा चढवला. हे सगळं शिल्पात आणायचं. उत्तर आलं: "स्टॅच्यू नको, स्कल्प्चर कर." दुसरे म्हणाले, "हे पुतळे बाजारू असतात. फायबरचे. सगळे एकसारखे. बोट वर, हातात पुस्तक."

या तिन्ही गोष्टींचा हिशोब इथे करून टाकू.

फायबरचे? होय, फायबरचे. ब्राँझ परवडत नाही म्हणून. फायबर पोकळ असतं, हलकं असतं, चार-सहा जण उचलू शकतात. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ साली 'संथाल कुटुंब' केलं, ते ब्राँझमध्ये नव्हे. सिमेंट आणि जांभ्या दगडाची खडी. रामकिंकर बांकुड्याच्या न्हाव्याच्या घरातले. महागडी सामग्री हाताशी नव्हती, जे होतं त्यातून त्यांनी कामावर निघालेलं आदिवासी कुटुंब उघड्यावर उभं केलं. तिथे मास्तर म्हणतात, भारतीय आधुनिक शिल्पाची पहाट! खरंच आहे. मग वस्तीने गरिबीतून फायबर निवडलं की ते बाजारू कसं?

एकसारखे? बुद्धाच्या मूर्ती घ्या. अभय मुद्रा, भूमिस्पर्श मुद्रा, धर्मचक्र मुद्रा. शेकडो वर्षं त्याच मुद्रा. तिथे तुम्ही त्याला मूर्तिशास्त्र म्हणता, परीक्षेत त्यावर प्रश्न काढता. बाबासाहेबांचं वर झालेलं बोटही मुद्राच आहे. संसदेच्या आवारातला बी. व्ही. वाघ यांचा पुतळा बघा, २ एप्रिल १९६७ ला बसवलेला. हात पुढे, दुसऱ्या हातात संविधान. देशभरातल्या चौकांत हीच मुद्रा दिसते. कुठल्या सरकारी खात्याने ती पसरवली नाही, लोकांनी पसरवली. जून २०२४ मध्ये तो पुतळा जागचा उचलून आवारातच दुसरीकडे नेला, तर देशभर गदारोळ झाला. तुमच्या गॅलरीतलं कुठलं शिल्प हलवलं म्हणून कुणी हूं की चूं केलंय?

स्टॅच्यू? शिल्प नव्हे? कोल्हापुरात बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा १९५० सालीच, ते हयात असताना, महात्मा फुल्यांच्या पुतळ्यासोबत बसला. ज्याला पाणवठ्यावर उभं राहू दिलं नाही, त्या समाजाचा माणूस भर चौकात उभा राहिला. जागेचा अर्थच बदलला. मोठे टीकाकार शिल्प आणि अवकाश यांच्या नात्यावर पानंच्या पानं लिहितात. त्यांनी एकदा चौकात यावं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांनी पाहिला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. ज्या कलावस्तूच्या अपमानाने माणसाचं काळीज फाटतं, ती कला नव्हे, आणि एअरकंडिशन हॉलमधलं वाकवलेलं पत्र्याचं भेंडोळं तेवढं कला? साल्यांनो, तुमच्या सौंदर्यशास्त्राला आमच्या रक्ताचा वास सहन होत नाही, एवढंच कबूल करा.

पण दोस्तांनो, आपल्याही लोकांना सुनावलं पाहिजे. आता सरकारं पुतळे फुटांत मोजायला लागलीत. हैदराबादला २०२३ साली १२५ फूट. विजयवाड्याला २०२४ साली पुन्हा १२५ फूट. उंची वाढते तसा चेहरा डोळ्यांपासून लांब जातो. वर्गणीचा पुतळा आपला असतो, टेंडरचा पुतळा त्यांचा. त्या पायथ्याशी मंत्र्याचं नाव असतं, उद्घाटकाचं असतं, ओतकाम करणाऱ्याचं नसतं. म्हणजे वर बाबासाहेब आणि खाली पुन्हा तीच उतरंड! २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं. ते आठवा आणि मग हार घाला.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रदर्शनात प्रत्येक कामाखाली साचा कुणी पाडला, कास्टिंग कुणी केलं, मॉडेल कोण होतं, त्यांची नावं लागली पाहिजेत. मामांना शिपाई नव्हे, शिक्षक म्हणा आणि शिक्षकाचा पगार द्या. कारखान्यातल्या ओतकाम करणाऱ्यांना वर्गावर बोलवा. वस्त्यांतले पुतळे अभ्यासक्रमात घ्या. झोडा हवं तर, पण आधी अभ्यास करा. सामग्रीचे पैसे सत्राच्या सुरुवातीला द्या. स्कॉलरशिप परीक्षा झाल्यावर हातात पडते, तोवर गरिबाच्या पोराने फायबर कशातून आणायचं? तो गणपतीच्या कारखान्यात रात्रपाळी करतो आणि दिवसा वर्गात पेंगतो. मग तुम्ही म्हणता, ह्याच्यात चमक नाही.

पुढच्या महिन्यात ज्युरी आहे. माझं काम तयार होतंय. विषय तोच आहे. वस्तीतली माणसं पुतळा खांद्यावर घेऊन चाललीत आणि प्रत्येक माणसाचं नाव पायथ्याला कोरलंय. साचा मामांनी आणि मी मिळून पाडला, तेही कोरलंय. मार्क द्यायचे तर द्या, नापास करायचं तर करा. नापास झालं तर ते काम कॉलेजच्या गोदामात धूळ खात पडणार नाही. वस्तीत त्याची जागा आम्ही मोजून ठेवलीय.

आणि तुम्ही, जे कुठल्या ना कुठल्या कॉलेजात, वर्कशॉपात, लॅबमध्ये आहात, तुमच्या आसपास बघा. तिथेही कुणीतरी मामा ट्रे घेऊन फिरत असेल. त्यांना नाव विचारा. आणि ते लिहून काढा, मोठ्या अक्षरांत, सगळ्यांना दिसेल असं.